जुनें जहाज, सर्व दोषांसह

‘पाण्यांत म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढें गांवचें तळें असावें; परंतु ती खरी लागू पडते ती जहाजाला. म्हैस निदान हांकून कांठावर आणतां येते. जहाजाच्या डोलकाठ्या, शिडें, दोरखंड आणि नुकताच रंगविलेला कठडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो. आणि ज्याच्या बळावर खलाशांचा जीव तगतो तो तळ मात्र पाण्याखालीं. नवें जहाज बांधून घेणाऱ्यास तें बांधलें जात असतां पाहतां येतें. जुनें विकत घेणाऱ्यास विक्रेत्याच्या शब्दावर, किंवा त्याच्या मौनावर, विसंबावें लागतें. पैसे दिले, जहाज ताब्यांत आलें, आणि मग कोरड्या गोदींत घेतल्यावर तळाचें लाकूड नखानें उकरूं लागलें, तर तो तोटा कोणाचा? या प्रश्नावर लंडनच्या न्यायालयांत जो वाद झाला, त्याची छाया आपल्याकडील कायद्यावर अद्यापि पडलेली आहे.

प्रश्न फार जुना आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या कायद्यांत नावा बांधणारांसंबंधीं कलमें आढळतात. कारागिरानें सांधे नीट बुजविले नाहींत आणि त्याच वर्षीं नावेंत दोष दिसून आला, तर त्यानें ती सोडवून स्वतःच्या खर्चानें पुन्हां पक्की करून द्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. मुदतीची ही हमी आजच्या घड्याळाच्या दुकानदारासही शोभावी अशी आहे. मात्र ती नवी नाव बांधणारापुरती. पुढें रोममध्यें बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं गुलाम व जनावरें विकणारांवर त्यांचे रोग आणि खोडी आधीं सांगण्याचें बंधन घातलें. (माणसाला जनावराच्या पंक्तीस बसविणारा तो काळ होता, पण विक्रेत्यानें तोंड उघडलें पाहिजे हें तत्त्व त्यांतूनच निघालें.)

इंग्लंडनें वाट धरली ती नेमकी उलटी. गिऱ्हाइकानें डोळे उघडे ठेवावे, विक्रेत्यानें तोंड उघडण्याची जरुरी नाहीं, असा तेथला दंडक होता. १६०३ सालीं एका सोनारानें जनावराच्या पोटांत सांपडणारा, विषावर उतारा मानला जाणारा खडा म्हणून एक खडा शंभर पौंडांस विकला. तो खडा तसला नव्हता. तरीही गिऱ्हाईक हरलें. कारण सोनारानें ‘हा तोच खडा आहे’ असें म्हटलें होतें, ‘याची मी हमी देतों’ असें म्हटलें नव्हतें!

खडा खोटा निघाला तर शंभर पौंड जातात. जहाज खोटें निघालें तर माणसें जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सशीं युद्ध जुंपलें आणि पुढें वीसएक वर्षें जहाजांना कधीं नव्हे एवढें महत्त्व आलें. शत्रूचीं पकडलेलीं गलबतें लिलावांत निघत, व्यापाऱ्यांचीं जुनीं तारवें या हातांतून त्या हातांत जात. त्यांत ओक लांकडाचा तुटवडा पडला, आणि ओल्या लांकडाचीं घाईनें बांधलेलीं जहाजें आंतून कुजूं लागलीं. खुद्द ब्रिटिश आरमाराचें ‘क्वीन शार्लट’ हें मोठें लढाऊ जहाज १८१० सालीं पाण्यांत उतरलें, आणि कामगिरीवर निघण्यापूर्वींच त्याचें लाकूड कुजल्यामुळें त्याची फार मोठी डागडुजी करावी लागली. उलट मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं बांधलेलीं सागवानी जहाजें पिढ्यान्पिढ्या टिकत. १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरलेलें ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत आजही पाण्यावर तरंगत आहे. जाहिरातींत ‘सागवानी’ हा एक शब्द पडला कीं किंमत चढे, तें उगाच नव्हे.

अशा बाजारांत विक्रेत्यांनीं आपल्या बचावाचा एक मंत्र तयार केला होता. जाहिरातीच्या तळाशीं तो ठरलेला असे: जहाज ‘सर्व दोषांसह, आज आहे त्या स्थितींत’ विकलें जाईल. आपण सारें आधींच सांगितलें आहे, असें मालकानें म्हणावयास हें वाक्य पुरेसें होई. पण कोणते दोष आहेत हें त्यानें सांगितलेलें नसे. दोष असूं शकतील एवढेंच सांगितलेलें असे. मालकाला जहाजाचें एखादें गुप्त व्यंग ठाऊक आहे आणि तो तें गिळून बसला आहे, अशा वेळीं हा मंत्र त्याला तारील काय?

१७९२ सालीं मुख्य न्यायाधीश लॉर्ड केन्यन यांनीं ‘नाहीं’ असें उत्तर दिलें. ‘सर्व दोषांसह’ याचा अर्थ त्यांच्या मतें मर्यादित होता: जे दोष गिऱ्हाइकास पाहून कळूं शकले असते ते, आणि जे खुद्द विक्रेत्यालाही ठाऊक नव्हते ते. विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि गिऱ्हाइकास शोधून सांपडणार नाहीं असा दोष त्यानें सांगितलाच पाहिजे. सामान्य माणसाच्या सदसद्‍विवेकास हा निकाल तत्काळ पटेल.

परंतु व्यापारी जगांत तो एकोणीस वर्षेंच टिकला. १८११ सालीं त्याच न्यायासनावर लॉर्ड एलनबरो होते. त्यांनीं केन्यनसाहेबांचें मत साफ नाकारलें. ही अट घालण्याचा उद्देशच मुळीं गिऱ्हाइकास सावध करण्याचा आहे, उघड आणि गुप्त असे सारे दोष शोधण्याचा भार त्यामुळें त्याच्यावर पडतो, असें त्यांनीं सांगितलें. विक्रेत्याला किती दोष ठाऊक होते याची चौकशी करण्याचें कारण नाहीं. त्यानें ते लपविण्यासाठीं कांहीं युक्ति योजली असेल तरच तो जबाबदार. गप्प बसणें वेगळें आणि झांकून ठेवणें वेगळें, अशी ही रेषा होती. तिच्यामागें व्यवहारज्ञान नव्हतें असें नाहीं. जो धोका पत्करतो तो त्या मानानें किंमतही कमी देतो, आणि प्रत्येक जुन्या जहाजाच्या मालकास त्याच्या मनांत काय होतें हें विचारीत बसल्यास कोणतीच विक्री कधीं पक्की व्हावयाची नाहीं. तरी न्यायाच्या तराजूंत केन्यनसाहेबांचें पारडेंच जड भरतें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

ही रेषा नेमकी कोठें पडते याची परीक्षा दोनच वर्षांनीं झाली. १८१३ सालच्या या दाव्यांतील जहाज ‘सर्व दोषांसह’ च विकावयास काढलें होतें. पण त्याच्या छापील वर्णनांत, जहाजाचा सांगाडा पहिल्यानें पाण्यांत सोडला तेव्हां होता जवळजवळ तितकाच चांगला आहे, सफरीवर निघण्यास अगदीं किरकोळ खर्च लागेल, असें लिहिलें होतें. विसार दिल्यावर गिऱ्हाइकानें तळ तपासला, तों तो किड्यांनीं खाल्लेला आणि कणा मोडलेला! साक्षींतून अधिक वाईट गोष्ट बाहेर आली. हें जहाज आधीं कोरड्या उतारावर उभें होतें. तेथें कोणालाही वांकून तळ पाहतां आला असता. विक्रीपूर्वीं कप्तानानें तें तेथून हालवून गोदीच्या पाण्यांत तरंगत ठेवलें, तें एवढ्यासाठींच कीं तळ कोणाच्या दृष्टीस पडूं नये. म्हैस कांठावर होती, ती मुद्दाम पाण्यांत ढकलली.

न्यायासनावर सर जेम्स मॅन्सफील्ड होते (व्यापारी कायद्याचे जनक म्हणून ज्यांची ख्याति आहे ते लॉर्ड मॅन्सफील्ड हे नव्हेत). मालकास खरोखर कांहींच ठाऊक नसतें तर ‘सर्व दोषांसह’ ही अट त्याच्या बचावास आली असती, असें त्यांनीं मान्य केलें. पण येथें दोष झांकण्याचा उपाय योजला गेला होता, आणि वर्णनही खोटें होतें. खरें कीं खोटें हें ठाऊक नसतां एखादी गोष्ट छातीठोकपणें सांगणारा आणि जाणूनबुजून खोटें सांगणारा यांत त्यांनीं फरक केला नाहीं. गिऱ्हाईक जिंकलें.

यानंतर वाद वळला तो शब्दांकडे. १८२१ सालच्या दाव्यांत जहाजाचें वर्णन ‘तांब्याच्या खिळ्यांनीं जोडलेलें’ असें होतें. तांबें समुद्राच्या पाण्यांत लोखंडासारखें गंजत नाहीं, म्हणून त्या शब्दाला मोल. जहाज निघालें अर्धवट तांब्याचें. विक्रेत्यानें नेहमींचा मंत्र पुढें केला. न्यायालयानें म्हटलें, कीं ‘सर्व दोषांसह’ म्हणजे तांब्याच्या खिळ्यांच्या जहाजास असूं शकतात ते सर्व दोष. जहाज त्या जातीचेंच नाहीं हा दोष त्यांत येत नाहीं. वकीलमंडळी यावरून शहाणी झाली. १८५० सालीं एका ‘सागवानी’ म्हणविलेल्या जहाजावरून तंटा झाला. त्याचें सारेंच लाकूड कांहीं सागवानाचें नव्हतें. पण या वेळीं विक्रेत्यानें वर्णनांतील चुकांबद्दलही कांहीं सूट मिळणार नाहीं, असें अटींत घातलें होतें. लबाडी सिद्ध झालेली नव्हती, म्हणून विक्रेता सुटला. एका शब्दाच्या भरीनें न्यायाचा कांटा असा फिरला.

या मालिकेंतील सर्वांत विलक्षण दावा १८३८ सालचा. इंग्लंडांत बसून एका गृहस्थानें दुसऱ्यास जहाज विकलें; त्या घटकेस तें जहाज हडसन उपसागराकडील निर्जन किनाऱ्यावर रुतून पडलेलें होतें, आणि तें दोघांसही ठाऊक नव्हतें. विकलें गेलें तें जहाज होतें कीं लांकडाचा ढीग? न्यायालय म्हणालें, तें अद्यापि जहाजच होतें. तेथें मदत मिळण्याजोगी नव्हती म्हणून तें निघालें नाहीं, एवढेंच. जहाज विकणारा ‘तें जहाज आहे’ एवढी हमी देतो, तें कोणत्या स्थितींत आहे याची नव्हे.

या साऱ्या निकालपत्रांत वादी आहे, प्रतिवादी आहे. खलाशी कोठेंच नाहीं. कुजक्या तळाचें जहाज कोणाच्या पदरांत पडलें याचा निवाडा झाल्यावरही तें समुद्रावर जातच असे, आणि विमा उतरलेला असल्यानें बुडालें तरी मालकाचें फारसें अडत नसे. पार्लमेंटचे सभासद सॅम्युअल प्लिमसॉल यांनीं १८७३ सालीं पुस्तक लिहून या तरंगत्या शवपेट्यांविरुद्ध रान उठविलें, तेव्हां कोठें १८७६ सालच्या कायद्यानें भाराची रेषा जहाजाच्या कुशीवर रंगली. व्यापाऱ्यांपुरता मात्र एलनबरोंचाच नियम चालू राहिला. १८७८ सालीं ‘सर्व दोषांसह’ विकलेल्या रोगी डुकरांच्या दाव्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनेंही गप्प बसलेल्या विक्रेत्यास मोकळें सोडलें.

हाच विचार १८७२ च्या करार-कायद्यांतून आपल्याकडे आला. कलम १७ मधील घोड्याचें उदाहरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. घोडा व्यंगाचा आहे हें जाणून मालक लिलावांत तो विकतो आणि कांहीं बोलत नाहीं. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापानें सांगितलें पाहिजे. आणि गिऱ्हाइकानें ‘तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष समजतों’ असें म्हटलें, तर तेथें मौन हेंच बोलणें होय. पुढें कलम १९ मध्यें आणखी एक मेख आहे: साध्या सावधगिरीनें ज्याला सत्य कळलें असतें, त्याला समोरच्याच्या मौनाची सबब सांगून करार मोडतां येत नाहीं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें त्या त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर मालाच्या दर्जाची जबाबदारी घातली, पण तपासून घेतलेल्या मालांतील, तपासणींत दिसावयास हवे होते ते दोष त्यांतून वगळले. मालवणच्या एखाद्या कोळ्यानें आपला जुना मचवा शेजाऱ्यास विकला, तर तो मचव्यांचा व्यापारी नव्हे. दर्जाची ती जबाबदारी त्याच्यावर येत नाहीं. शेजाऱ्यानें मचवा वाळूवर ओढून, तळाच्या फळ्या ठोकून पाहिलेल्या बऱ्या. आणि ‘गळतो काय?’ हा प्रश्न चारचौघांत स्पष्ट विचारलेला त्याहून बरा.

मोठ्या जहाजांच्या बाबतींत जुना मंत्र अलीकडे थोडा ढिला पडला आहे. ‘युनियन पॉवर’ नांवाचें जहाज विकलें गेल्यावर पहिल्याच सफरींत त्याचें मुख्य इंजिन बिघडलें. करारांत जहाज ‘होतें तसें’ ताब्यांत द्यावयाचें असें लिहिलेलें होतें. २०१२ सालीं लंडनच्या उच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं एवढ्या शब्दांनीं कायद्यानें घातलेली दर्जाची अट रद्द होत नाहीं. ती नको असेल तर विक्रेत्यानें तसें स्पष्ट लिहून घ्यावें.