अजमानच्या किनाऱ्यावरची आफ्रिका

लैवा हे आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचे रिंगणाचे नृत्य मूळचे पूर्व आफ्रिकेतले. अजमान, शारजा, दुबई, रास अल खैमा या भागात ते लग्नात आणि संयुक्त अरब अमिरातीच्या २ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला आजही होते. त्यातली सुरनाय सनईच्याच कुळातली, नावाचे मूळही एकच. ढोलांच्या साथीला रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा काठ्यांनी बडवतात. गाण्यांत अरबीच्या जोडीला स्वाहिली शब्द येतात. नुबान या दुसऱ्या प्रकाराची मुळे सुदानकडे जातात. त्यात नाचणारा कमरेला ‘मंजूर’ बांधतो. या कापडी पट्ट्यावर बकऱ्यांचे वाळलेले खूर दाटीने शिवलेले असतात आणि कंबर हलली की ते एकमेकांवर आपटून खडखडतात. रिंगणाकडे बघणाऱ्या लहान मुलांचे डोळे आधी या पट्ट्याकडेच वळावेत, असाच तो असतो.

हे सूर या किनाऱ्यावर आले ते मोत्यांच्या धंद्यातून, आणि त्यामागे गुलामगिरी होती. एकोणिसाव्या शतकात आखातातल्या मोत्यांना मोठी मागणी होती आणि मुंबई ही त्यांची मुख्य बाजारपेठ होती. उन्हाळ्याचे चार महिने बोटी समुद्रात राहत. बुडी मारणारा ‘घैस’ नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तळाला जाई. वर दोर धरून बसलेला ‘सैब’ त्याला ओढून घेई. तांडेल असे तो ‘नौखदा’. कोकणातला नाखवा हा त्याच फारसी शब्दाचा वंशज आहे. या कष्टाच्या कामासाठी झांजिबार आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून आणली जात, आणि त्यांत कोवळ्या वयाचे मुलगे फार असत. आफ्रिकेचा हा इतिहास मुलांना सांगताना ही गोष्ट वगळून चालत नाही. ज्यांच्यावर हे ओढवले त्यांतले कित्येक जण ऐकणाऱ्या मुलांच्याच वयाचे होते.

ब्रिटिशांबरोबरच्या १८२० च्या सागरी तहावर अजमानचे शेख रशीद बिन हुमैद यांचीही सही होती. आफ्रिकेतून स्त्री-पुरुष आणि मुले पळवून नेणे म्हणजे चाचेगिरी, असे त्याचे नववे कलम सांगत होते. १८४७ मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांनी समुद्रमार्गे गुलाम आणण्याच्या बंदीचे वेगळे करार केले. गुलामांचा व्यापार मात्र थांबला नाही, कारण मोत्यांना भाव होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शारजाच्या ब्रिटिश एजन्सीत येऊन अनेकांनी मुक्ततेचा दाखला मागितला. आपले गाव कोणते, कोणी पळवले, किती वर्षे बुड्या मारल्या, हे त्यांच्या जबान्यांत लिहिलेले आहे. दुसऱ्या कोणत्याही कागदात न सापडणारी ही माणसे तिथे बोलताना दिसतात. जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि १९२९ नंतरच्या मंदीने धंदा बसला. १९६३ मध्ये इथल्या राज्यकर्त्यांनी गुलामगिरी कायद्याने बंद केली. लैवा मात्र उरले आणि साऱ्या किनाऱ्याचे झाले.

अमेरिकेत फेब्रुवारीत आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबरात मुलांना कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. अजमानमधल्या मराठी घरांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. इथिओपियात जन्मलेला, मुलगा असतानाच विकला गेलेला मलिक अंबर दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि १६२६ मध्ये वारला. औरंगाबादची नहर त्याच्या नावाने ओळखली जाते. मूळचे आफ्रिकी असलेले जंजिऱ्याचे सिद्दी तर महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकातलेच.

त्यांच्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट नाशिकची आहे, आणि मुलांना सांगण्याजोगी तीच अधिक. अरबी समुद्रातल्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये ठेवली जात. तिथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणारा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचे हृदय आफ्रिकेत पुरले तेव्हा प्रार्थना त्यानेच वाचली आणि शेजारच्या झाडावर अक्षरे कोरली. पार्थिवाबरोबर तो लंडनला गेला. १८ एप्रिल १८७४ च्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीला तो हजर होता. त्याची रोजनिशी आजही जपलेली आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाने पुढे मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही वसाहत उभी राहिली, आणि नाशिकला वाढलेल्यांपैकी अनेक जण सुतार, लोहार, शिक्षक म्हणून तिथे परतले.