स्ट्रँग सरांची तीन पानं

यूट्यूबवर लिनिअर अल्जेब्रा शिकवणारे एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग आठवतात ना? बीटेकला मला त्यांनीच तारलं. १९६० साली, पंचविशीत, त्यांनी जियान-कार्लो रोटांबरोबर तीन पानांचा पेपर लिहिला. प्रश्न असा: मॅट्रिक्स अनेक आहेत, दर पावलाला कुठलीही लावा, गुणाकार जास्तीत जास्त किती वेगाने वाढेल?

गंमत बघा. दोन आकडे घ्या, क्ष शून्य आणि य एक. पहिला नियम: नवा क्ष म्हणजे जुन्या यची दुप्पट, य शून्य. दुसरा नेमका उलटा. एकच नियम सलग दोनदा लावला की सगळं शून्य, म्हणजे एकदम स्थिर. पण आलटून पालटून लावा: २, ४, ८, १६... नियम दोन्ही सरळ, गडबड बदलण्यात!

पेपर तीसेक वर्षं जवळपास पडूनच होता. मग वेव्हलेट्सवाल्या इंग्रिड डोबेशींना आणि जेफ्री लागारियस यांना हाच प्रश्न भेटला. आणि २००० साली ब्लोंडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी सिद्ध केलं की दोन मॅट्रिक्सचे सगळे गुणाकार मर्यादेत राहतील का, हे कुठल्याही जोडीसाठी सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. कोड लिहून पोट भरणाऱ्याला हे जरा लागतंच. म्हणून मोड बदलणारा कंट्रोलर बनवताना इंजिनिअर समोरच्या सिस्टिमपुरतं एक माप शोधतात, कुठलाही नियम लावला तरी दर पावलाला घटणारं. सापडलं तर सुटलो.