काचेतले भूत: नाट्यगृहापासून स्मार्ट चष्म्यापर्यंत

१/ २४ डिसेंबर १८६२. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत चार्ल्स डिकन्सच्या ‘द हॉण्टेड मॅन’ या कथेवरील प्रयोग सुरू होता. रंगमंचावर अकस्मात एक आकृती प्रकटली. तिच्या अंगातून आरपार दिसत होते. आजच्या स्मार्ट चष्म्यांची कहाणी या भुतापासून सांगावी लागते.

२/ युक्ती साधी होती. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक मोठी काच तिरकी बसवलेली असे. खालच्या खड्ड्यात लपलेल्या नटावर प्रखर उजेड टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेपलीकडे उभे असल्याचा भास होई. काच थोडा प्रकाश परावर्तित करते व बाकीचा आरपार जाऊ देते. म्हणून भूत आणि मागचा खरा नट एकाच वेळी दिसत.

३/ मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, १८५८ सालची. मात्र तिच्यासाठी नाट्यगृहाची रचनाच बदलावी लागली असती. जॉन हेन्री पेपर याने ती प्रचलित नाट्यगृहांत बसेल अशी सुधारली. १८६३ मध्ये पेटंट दोघांच्या नावे झाले, पण लोकांच्या तोंडी ‘पेपरचे भूत’ हेच नाव राहिले. डर्क्सने त्याच वर्षी ग्रंथ लिहून आपली बाजू मांडली. तरी नाव बदलले नाही.

४/ या भुताला एक जन्मजात मर्यादा होती. अशी काच मागच्या दृश्यात प्रकाशाची भर घालू शकते. त्यातून हवा तेवढा भाग वजा करू शकत नाही. म्हणून भूत पारदर्शक दिसे, काळे भूत दाखवता येत नसे आणि मागचा रंगमंच अंधुक ठेवावा लागे.

५/ १९०० मध्ये डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी हीच काच नेम धरण्यासाठी वापरली. जवळची खूण आणि दूरचे लक्ष्य डोळ्याला एकदम स्पष्ट दिसत नाहीत. ग्रब यांनी खूण भिंगाच्या नाभीवर ठेवली. तिचे किरण समांतर होऊन ती जणू अनंत अंतरावर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत अशी लक्ष्यदर्शके सर्रास होती.

६/ १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी हे तत्त्व संगणकाला जोडले. डोळ्यांसमोर अर्धपारदर्शक आरसे, बाजूंना दोन छोट्या कॅथोड-किरण नळ्या आणि मस्तकाची हालचाल मोजणारी, छतापासून टांगलेली यांत्रिक दांडी. रेषांनी आखलेला घन खोलीतल्या हवेत तरंगू लागला.

७/ पुढची अडचण आकाराची. २०१३ च्या गूगल ग्लासमध्ये डोळ्यासमोर छोटा लोलक होता. २०१६ च्या होलोलेन्समध्ये पातळ काचच प्रकाशाचा मार्ग झाली. अतिसूक्ष्म रेघांची जाळी प्रकाशाला वळवून काचेत शिरवते, पूर्ण आंतरिक परावर्तनाने तो आतल्या आत पुढे सरकतो आणि दुसरी जाळी त्याला डोळ्याकडे सोडते. या वाटेत बराच प्रकाश वाया जातो.

८/ एवढे होऊनही १८६२ ची मर्यादा टिकून आहे. भर उन्हात चित्र फिके पडते, काळा रंग दाखवता येत नाही. पेपर रंगमंच अंधुक ठेवत असे. होलोलेन्सला गडद काच लावावी लागली. बाहेरचा प्रकाश हव्या त्याच ठिकाणी अडवणारे द्रवस्फटिकांचे पडदे प्रयोगशाळांत बनले आहेत. ते रोजच्या चष्म्यात मावतील, तेव्हा पेपरच्या भुताला पहिल्यांदा स्वतःची सावली मिळेल.