केसरबाईंच्या भैरवीशेजारी ब्लूज : अस्सल ध्वनीच्या शोधाची कहाणी

छत्रपती संभाजीनगर : ‘ताजमहाल’ म्हटले की या शहरातील माणसाला आग्र्याच्या आधी बीबी का मकबरा आठवतो. मुमताजमहलची सून दिलरास बानू बेगम हिची ही कबर ‘दख्खनचा ताज’ म्हणून ओळखली जाते. मात्र संगीताच्या दुनियेत ‘ताजमहाल’ हे एका माणसाचे नाव आहे आणि ‘मुमताज महल’ हे त्याच्या एका ध्वनिमुद्रिकेचे. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाने महात्मा गांधी आणि भारत यांविषयी पडलेल्या स्वप्नांवरून ‘ताजमहाल’ हे नाव धारण केले. १९९५ साली निघालेल्या ‘मुमताज महल’मध्ये त्याच्या साथीला जयपूरचे पंडित विश्वमोहन भट यांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा आहे.

ही ध्वनिमुद्रिका काढली ती कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील ‘वॉटर लिली अकूस्टिक्स’ या छोट्याशा कंपनीने. मूळचे श्रीलंकेचे कविचंद्रन अलेक्झांडर हे तिचे संस्थापक. भारतीय अभिजात संगीत आणि ब्लूज या दोन्ही परंपरांना एकत्र आणणाऱ्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांची समीक्षकांनी आणि ‘ऑडिओफाइल’ म्हणवणाऱ्या चोखंदळ श्रोत्यांनी मुक्तकंठाने वाखाणणी केली.

ऑडिओफाइल म्हणजे कोण?

ऐकण्याच्या सामग्रीत आणि ध्वनिमुद्रणाच्या दर्जात जराही तडजोड न करणारा श्रोता म्हणजे ऑडिओफाइल. या पंथाला आवाज दिला तो अमेरिकेतील नियतकालिकांनी. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ सुरू केले, तर हॅरी पिअर्सन यांनी १९७३ साली ‘द अ‍ॅब्सोल्यूट साऊंड’. पिअर्सन यांची कसोटी सोपी होती. खऱ्या जागेत, कोणत्याही विद्युत साहाय्याविना वाजणाऱ्या वाद्यांचा ध्वनी हाच निरपेक्ष ध्वनी. ध्वनिमुद्रण त्याच्या किती जवळ जाते, यावर त्याचे मोल ठरावे.

या कसोटीवर उतरलेल्या तबकड्यांच्या याद्या होऊ लागल्या. पाश्चात्त्य अभिजात संगीतात आरसीए कंपनीच्या ‘लिव्हिंग स्टिरिओ’ आणि मर्क्युरीच्या ‘लिव्हिंग प्रेझेन्स’ मालिकांना मानाचे स्थान मिळाले. ब्लूजमध्ये मडी वॉटर्सच्या १९६४ सालच्या ‘फोक सिंगर’ या ध्वनिमुद्रिकेने तोच मान पटकावला. एरवी विजेच्या गिटारीवर गरजणारा हा गायक येथे साध्या गिटारीच्या साथीने गातो. दोन ओळींमधील शांतताही श्रोत्याला ऐकू येते, हे या ध्वनिमुद्रणाचे वैशिष्ट्य मानले जाते.

मींड आणि ‘स्लाइड’

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे, गुलामगिरीच्या आणि त्यानंतरच्या दारिद्र्याच्या आठवणी बाळगणारे संगीत. गिटारच्या तारांवरून बाटलीचा गळा किंवा धातूची नळी सरकवून त्यात जो आर्त स्वर काढतात, त्याला ‘स्लाइड’ म्हणतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी आपली मींड ज्यांच्या कानात मुरलेली आहे, त्यांना तो परका वाटत नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच जातीची गिटार रागसंगीतासाठी वापरली. विश्वमोहन भट यांनी पुढे जाऊन गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडल्या. त्यातून सिद्ध झालेले वाद्य म्हणजे मोहनवीणा.

सप्टेंबर १९९२ मध्ये सांता बार्बरातील एका ख्रिस्ती प्रार्थनागृहात भट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर समोरासमोर बसले. जेमतेम तासाभरापूर्वी त्यांची पहिली भेट झाली होती. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी होते, तर दुंबेक या अरबी तालवाद्यावर कूडर यांचा किशोरवयीन मुलगा जोआकिम. पूर्वतयारी अशी नव्हतीच. त्या बैठकीतून निघालेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेत चारच रचना आहेत आणि त्यातील एकीचे नाव आहे ‘गँजेस डेल्टा ब्लूज’. १९९४ साली तिला जागतिक संगीताच्या विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. भट यांचे नाव जगभर पोहोचले.

दोन मायक्रोफोन, एक खोली

वादकांच्या प्रतिभेला या ध्वनिमुद्रणात तंत्राची साथ लाभली. आजच्या स्टुडिओत प्रत्येक वाद्यापुढे वेगळा मायक्रोफोन असतो आणि त्यांचे मिश्रण नंतर होते. अलेक्झांडर यांनी ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांची १९३१ सालची पद्धत स्वीकारली. तीत पुढचा आणि मागचा ध्वनी टिपणारे दोन मायक्रोफोन एकाच बिंदूवर परस्परांशी काटकोनात ठेवतात. वाद्यांबरोबर जागेचा नादही त्यात उतरतो. वॉटर लिलीची यंत्रणा टिम द पॅराव्हिसिनी यांनी खास बनवलेली, व्हॉल्व्हवर चालणारी होती. मुद्रण चुंबकीय फितीवर झाले. नंतर स्वर उजळ करणे नाही, आवाजाची पातळी कृत्रिमरीत्या सारखी करणे नाही. जे घडले, तेच फितीवर राहिले.

जागेचा नाद म्हणजे काय, हे वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तेथे उच्चारलेला एक स्वर दगडी कमानींतून परततो तेव्हा तो केवळ उच्चारणाऱ्याचा राहत नाही. प्रार्थनागृहाची निवड याच कारणासाठी झाली होती.

मराठी मुलुखातील ठेवा

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. येथे ध्वनी किती नितळ, याआधी तो टिकला की नाही, हेच विचारावे लागते. जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ साली मुंबईत निवर्तले. पुण्यात भारत गायन समाज स्थापणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. दोघांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. उलट मिरजेशी नाते जडलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा स्वर तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे उरला.

दीर्घकाळ चालणाऱ्या एल. पी. तबकड्या आल्यावर रागविस्ताराला थोडी जागा मिळाली. मराठी रसिकांना भावगीतगायक म्हणून परिचित असलेले जी. एन. जोशी एचएमव्हीत अधिकारी होते. त्यांच्या निर्मितीत १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि काब्रा यांची गिटार एकत्र आली. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस रागांतून रंगवणारी ही स्टिरिओ ध्वनिमुद्रिका परदेशातही मोठ्या आवडीने ऐकली गेली.

अंतराळातील शेजार

रागसंगीत आणि ब्लूज यांची सर्वांत विलक्षण गाठ मात्र कोणत्याही स्टुडिओत पडली नाही. १९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर याने सोडली, तेव्हा त्यांच्यावर मानवजातीच्या ओळखीची सोनेरी तबकडी बसवली. जगभरातील २७ रचनांत गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. अल्लादिया खाँ यांच्या या शिष्येची शिफारस संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी केली होती. केसरबाईंच्या लगेच पुढची रचना आहे टेक्सासच्या अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याची. १९२७ साली मुद्रित झालेल्या त्या गाण्यात शब्द नाहीत, केवळ गुणगुणणे आणि सरकती गिटार आहे. त्यानंतर बेथोव्हेनच्या चौकडीने तबकडी संपते. पुढे राय कूडर यांनी १९८४ सालच्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाचे संगीत जॉन्सनच्या याच रचनेवर बेतले, हे विशेष.

जॉन्सन १९४५ साली दारिद्र्यात मरण पावला. केसरबाईंचे निधन याने निघाली त्याच महिन्यांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले. दोन्ही मूळ मुद्रणे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातली. त्यांत खरखर आहे, खर्जाचा भरीवपणा हरवलेला आहे. ऑडिओफाइलच्या यादीत ती कधीच बसली नसती. तरीही मानवाचा आवाज म्हणून निवड झाली ती त्यांचीच.

स्तुतीची मर्यादा

खुद्द होल्ट उपहासाने म्हणत की, ध्वनिमुद्रण जितके उत्तम, तितके सादरीकरण सुमार. कानांची परीक्षाही दरवेळी यशस्वी होत नाही. पूर्णपणे अ‍ॅनालॉग समजून नावाजल्या गेलेल्या ‘मोबाइल फिडेलिटी’ कंपनीच्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे २०२२ साली उघड झाले. तोवर तो जाणकारांनाही ओळखू आला नव्हता. स्तुती यंत्राची की संगीताची, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

मराठवाड्यात या प्रश्नाला व्यवहाराची बाजूही आहे. मैफलींच्या कॅसेट आणि जुनी स्पूल्स घरांतील कपाटांत, संगीत मंडळांच्या पेट्यांत पडून असतात. दमट हवेत फितीला बुरशी धरते, तिच्यावरचा चुंबकीय थर सुटू लागतो आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत जातात. अशा फितीची प्रत करताना यंत्राचे हेड स्वच्छ असावे, प्रत किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ दर्जाची असावी, असा जगभरच्या ध्वनिसंग्राहकांचा दंडक आहे. जतनाच्या प्रतीतून खरखर काढू नये. स्वच्छ करायचीच असेल, तर दुसरी प्रत करावी. खरखरीबरोबर गायकाचा श्वासही पुसला जाण्याची भीती असते. मूळ फीत तर कधीच टाकू नये.

सांता बार्बरातील मायक्रोफोनांनी दोन अनोळखी वादकांची एक संध्याकाळ जशीच्या तशी राखली, हे त्यांचे श्रेय मोठेच. अल्लादिया खाँ यांच्यापुढे मात्र साधा भोंगाही ठेवला गेला नाही. त्यांच्या शिष्येची भैरवी आज आंतरतारकीय अवकाशात पोहोचली आहे आणि गुरूचा आवाज कोल्हापुरातही ऐकू येत नाही. कपाटातल्या कॅसेटचा निर्णय घेताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.