सावलीतलं पान : सिगारच्या वेष्टनाची हकिकत



ज्यांचा पानमळा आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. शेवरी-हादग्याची सावली नीट असली की नागवेलीचं पान मऊ, पातळ आणि रुंद येतं. सावली विरळ झाली की तेच पान जाड आणि राठ होतं. तंबाखूचंही तसंच आहे. पण निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात विडीच्या तंबाखूला आपण मुद्दाम उलटी वागणूक देतो. शेंडा खुडतो, पिलं काढतो, कापलेली तंबाखू रानातच उन्हात वाळवतो. कारण तिथं पान जाड नि कडक हवं असतं. ते चुरून आत भरायचं, आणि वर गुंडाळायला टेंभुर्णीचं पान असतंच.

सिगारला मात्र वरचं पानही तंबाखूचंच लागतं. या वरच्या पानापायी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची काय तारांबळ उडाली, ते आज पाहू. (तंबाखू शरीराला वाईटच. ओढण्याची शिफारस म्हणून हे लिहीत नाही.)

सिगारमध्ये आत भरणा, त्याच्यावर बांधणीचं पान आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचं पान असतं. भरण्याचं पान फाटकं-तुटकं चालतं. बाहेरचं पान चालत नाही, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं. ते रेशमासारखं मऊ हवं, शिरा बारीक हव्यात, रंग देठापासून टोकापर्यंत एकसारखा हवा, आणि ताणलं तरी फाटता कामा नये. मधली जाड शीर काढून पानाचे दोन अर्धे करतात. डावा अर्धा एका दिशेने गुंडाळतात, उजवा उलट्या दिशेने. त्यामुळे पानाची वरची तुळतुळीत बाजू बाहेर राहते आणि शिरा सिगारच्या लांबीला धरून पडतात. अळीने एक भोक पाडलं, की एवढ्या मेहनतीचं पान खालच्या प्रतीत जातं. वजन तेच, पण भाव गेला!

अमेरिकेच्या ईशान्येला कनेक्टिकट नदीचं खोरं आहे. तिथले शेतकरी एकोणिसाव्या शतकात वेष्टनाचं पान उघड्या रानात पिकवत. पान रुंद, पण जाडसर आणि शिराळ. तरी खपत होतं, कारण त्याहून बरं समोर नव्हतं.

ते बरं पान आलं सुमात्रा बेटावरून. १८६३ मध्ये याकोबुस निनहाइस नावाचा डच माणूस तिथल्या देली भागात उतरला. सुलतानाकडून जमीन घेऊन त्यानं तंबाखू लावली. १८६९ मध्ये देली कंपनी उभी राहिली. दमट हवा, ढगाळ आभाळ, जंगल तोडून मिळालेली ज्वालामुखीची ताजी माती. एका तुकड्यात तंबाखूचं एकच पीक घेत आणि मग सात-आठ वर्षं तो पडीक ठेवत. पान इतकं पातळ यायचं, की तेवढ्याच सिगारी गुंडाळायला अमेरिकन पानाच्या निम्म्याहून कमी वजन पुरे. कष्ट मात्र करारानं आणलेल्या चिनी आणि जावाच्या मजुरांचे. १८८० च्या कायद्याने मजूर काम सोडून गेला तर तो गुन्हा धरला जाई. पानाच्या रेशमी पोताची ही बाजू आम्सटरडॅमच्या लिलावात कुणाला दिसत नव्हती.

सुमात्राचं पान आल्यावर कनेक्टिकटचा भाव घसरला. १८९० मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या वेष्टनाच्या पानावर पौंडाला २ डॉलर जकात बसवली. तरी कारखानदार ते घेतच राहिले. जकातीने पानाचा पोत थोडाच बदलतो?

मग संशोधकांनी सुमात्राची हवाच शेतात आणायचं ठरवलं. फ्लोरिडात सावलीचा प्रयोग आधी झाला होता. १९०० मध्ये कनेक्टिकटच्या विंडसर भागात, पोक्वोनॉक इथं, एकरभराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर खांब रोवले, तारा ताणल्या आणि वर विरळ सुती कापड पसरलं. खाली सुमात्राचं बी. ऊन गाळून आलं, वारा अडला, ओल टिकली. कडक उन्हात झाड पान जाड करतं. उजेड कमी झाला की तेच पान पसरतं, पातळ होतं, शिरा नाजूक राहतात. पहिलं पीक पाहून जाणकारांनी वाहवा केली.

आणि इथंच घोटाळा झाला. १९०१ मध्ये सुमारे ४० एकर, १९०२ मध्ये ७०० एकरांच्या वर! कापड, खांब, तार, मजुरी, सगळा पैसा आधी घालायचा. तिसरा हिस्सा एकरावरच्या एका हंगामावरून एवढी उडी? मला यात दोष शेतकऱ्यापेक्षा सल्ला देणाऱ्यांचा जास्त वाटतो. बियाणं शुद्ध नव्हतं. एकाच ताटव्यात कुठं रुंद पान, कुठं लांबट टोकदार, कुठं जाड. छप्पर झाकून उजेड बदलला, पण बियाण्यातली भेसळ त्याने कशी जाणार? पुष्कळांचे पैसे बुडाले.

त्यावर उपाय साधा निघाला. शॅमेल नावाच्या सरकारी शास्त्रज्ञानं सांगितलं, की चांगली झाडं निवडा आणि फुलोऱ्यावर कागदी पिशवी बांधा, म्हणजे परका पराग शिरणार नाही. एका झाडाला बी भरपूर, त्यामुळे थोडी झाडं राखली तरी पुरे. पुढं क्यूबाच्या बियाण्यातून निवडलेला वाण तिथं स्थिरावला. १९२१ च्या सुमारास खोऱ्यात सगळ्या प्रकारची मिळून ३० हजार एकरांवर तंबाखू होती. खालून वर, एका खुडणीला दोन-तीन पानं, अशी हातानं तोडणी. शेडमध्ये बाया ती दोऱ्यात ओवत. उन्हाळ्यात मजूर कमी पडत, म्हणून दक्षिणेतून विद्यार्थी आणत. मार्टिन ल्यूथर किंग १९४४ मध्ये विद्यार्थी असताना याच खोऱ्यात सिम्सबरीला तंबाखूच्या शेतावर राबले होते.

१९७९ मध्ये निळ्या बुरशीने तिथल्या पानाची दैना केली. मजुरी आणि कापडाचा खर्चही झेपेना. आता कनेक्टिकटचंच बी इक्वेडोरमध्ये पिकतं, आणि तिथं छप्पर लागत नाही, कारण आभाळातच ढगांचं छप्पर असतं. कनेक्टिकटमध्ये सावलीचं क्षेत्र फारच थोडं उरलं. काळपट रंगाच्या सिगारींना गिऱ्हाईक वाढलं, तेव्हा सुमात्राने हरवलेलं ते जुनं, जाड, शिराळ, उघड्या रानातलं पान तिथले शेतकरी पुन्हा लावू लागले.