‘ब्लेड रनर’ची बंदूक : प्रतिकृतीचा आणि पुराव्याचा इतिहास

१/ सन २००९. कॅलिफोर्नियातील एका लिलावात एक हातबंदूक २,७०,००० डॉलरला विकली गेली. ती कोणत्याही युद्धात वापरली गेली नव्हती, कोणा सेनापतीची नव्हती. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ या विज्ञानपटात हॅरिसन फोर्ड यांच्या हाती दिसलेली ही बंदूक. तिच्या प्रतिकृती घडवण्यात हौशी कारागिरांनी जवळपास पाव शतक घालवले होते, आणि त्यांतील बहुतेकांनी मूळ वस्तू कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. 🧵

२/ रिडली स्कॉट यांचा हा चित्रपट फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवर आधारलेला. काळ नोव्हेंबर २०१९, स्थळ लॉस एंजेलिस. माणसासारख्याच दिसणाऱ्या कृत्रिम जीवांचा माग काढून त्यांना संपवणारा पोलीस म्हणजे नायक रिक डेकार्ड. खरे कोण आणि नक्कल कोणती, हाच कथेचा गाभा. त्याच प्रश्नाने पुढे डेकार्डच्या बंदुकीलाही गाठावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

३/ चित्रपटातील वाहने आणि नगरदृश्ये रेखाटणारे सिड मीड यांनी बंदुकीचाही आराखडा काढला होता. तो स्वीकारला गेला नाही. पडद्यावर आलेले शस्त्र दोन खऱ्या बंदुकांच्या जोडणीतून सिद्ध झाले. पहिली, अमेरिकेतील चार्टर आर्म्सचे ‘बुलडॉग’ हे .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हर. दुसरी, ऑस्ट्रियातील श्टायर-मानलिखर कंपनीची .२२२ कॅलिबरची शिकारी रायफल.

४/ बुलडॉग हे पाच गोळ्यांचे, आखूड नळीचे, खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर. १९७६-७७ मध्ये न्यूयॉर्क शहराला हादरवणाऱ्या हत्यासत्रातील शस्त्र याच जातीचे होते, त्यामुळे अमेरिकी वाचकाला हे नाव चांगलेच परिचित होते. भविष्यातल्या पोलिसाच्या हाती दिलेल्या बंदुकीचा गाभा अशा रीतीने आपल्याच काळातल्या रस्त्यावरून उचललेला होता.

५/ रायफलची नळी व दस्ता काढून टाकण्यात आला. उरला तो मधला पोलादी सांगाडा, म्हणजे ज्यात बोल्ट पुढेमागे सरकतो तो भाग. तो रिव्हॉल्व्हरवर बसवला गेला. फिरत्या सिलिंडरवर दोन्ही बाजूंनी झाकणे आली, मुठीला अंबरासारखे पारदर्शक आवरण आले, अंगावर लाल-हिरवे दिवे आले. शिकारी रायफलचे दोन चापही तसेच राहिले.

६/ दोन चापांमागे मूळ रायफलीत एक निश्चित हेतू असतो. एक चाप ओढला की दुसरा अतिशय हलका होतो, आणि नेम न हलता गोळी सुटते. चित्रपटात त्या हेतूला काही अर्थ उरला नाही. राहिले ते केवळ अनोळखी रूप. झाडायचे काम रिव्हॉल्व्हर करी, तेही ब्लँक काडतुसांनी. बोल्टचे काम दिसण्यापुरतेच.

७/ प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाला फारसे यश लाभले नाही. पण व्हिडिओ कॅसेट आणि पुढे लेझरडिस्कमुळे तो घरोघरी पुन्हा पुन्हा पाहिला गेला. १९९२ मध्ये नवी आवृत्ती आली. चित्र थांबवून एकेक चौकट न्याहाळणे आता शक्य झाले, आणि तिथूनच प्रतिकृतींचा खरा इतिहास सुरू होतो. दृश्ये अंधारी, पावसाची, धुराची. बंदूक क्षणभर दिसे आणि पुन्हा सावलीत जाई.

८/ मग माप कसे घ्यायचे? याचे उत्तर इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. छायाचित्रात एखादी ज्ञात वस्तू असली की तीच मोजपट्टी होते. बुलडॉग बाजारात उपलब्ध होते, त्याची मापे निश्चित होती. चौकटीत दिसणाऱ्या बुलडॉगच्या भागाशी ताडून शेजारच्या अज्ञात भागाची लांबी काढता येई. रायफलचा नमुना ओळखू आल्यावर दुसरी मोजपट्टी हाती आली.

९/ दुसरा मार्ग साच्यांचा. मारामारीच्या दृश्यांसाठी मूळ बंदुकीवरून हलके, न झाडणारे तुकडे ओतून घेतले जात. त्यांवरून नवे साचे, त्या साच्यांतून नवे तुकडे. परंतु ओतीव रेझिन थंड होताना किंचित आक्रसते. प्रत्येक पिढीत कडा बोथट होतात, अक्षरे पुसट होतात, वस्तू थोडी लहान होते. कोणाची तरी दुरुस्ती पुढच्या सर्व नकलांत मूळ म्हणून शिरते.

१०/ हस्तलिखितांच्या अभ्यासात नेमकी हीच अडचण येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभिले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कोणता पाठ मागाहून घुसला, हे ठरवल्याशिवाय मूळ पाठाकडे जाता येत नव्हते. रेझिनच्या नकलांनाही अशीच वंशावळ असते.

११/ ऑगस्ट २००६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइम येथे जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. तेथे मूळ बंदूक प्रदर्शनात मांडली गेली. तिची जवळून, सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली गेली आणि कारागिरांपर्यंत पोहोचली. स्क्रूंची ठेवण, पोलादावरचे ठसे, झिजलेल्या कडा असे सारे आता तर्काने ठरवायचे राहिले नाही. आजवरच्या प्रतिकृती पुराव्यापुढे तपासल्या गेल्या.

१२/ ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमामुळे परिचित असलेले अ‍ॅडम सॅव्हेज यांच्यासारख्या कारागिराने हीच बंदूक अनेकदा नव्याने घडवली. याचे कारण या प्रक्रियेत सापडते. नवा पुरावा आला की जुनी कृती अपुरी ठरते. उत्तम प्रतिकृती म्हणजे उपलब्ध पुराव्यावर उभे केलेले एक विधान. ते खोडता येते, सुधारता येते.

१३/ येथवर प्रश्न रूपाचा होता. ‘चालू स्थितीतील’ प्रतिकृती म्हटले की प्रश्न बदलतो. चालणे म्हणजे काय? दिवे लागणे, बोल्ट सरकणे, सिलिंडर फिरणे, ही एक पायरी. ब्लँक काडतूस झाडणे, ही दुसरी. गोळी झाडणे, ही तिसरी. मूळ वस्तू दुसऱ्या पायरीवर वापरली गेली. पण तिच्या पोटात खरे रिव्हॉल्व्हर असल्याने तिसरी पायरी फार दूर नव्हती.

१४/ दुसरी पायरी निरुपद्रवी समजणे घातक आहे. ब्लँक काडतुसात शिशाची गोळी नसते; दारू असते आणि तिला दाबून ठेवणारा बोळा असतो. स्फोटातील तप्त वायू अतिशय वेगाने नळीबाहेर पडतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये अभिनेता जॉन-एरिक हेक्सम यांनी चित्रीकरणाच्या जागी .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर थट्टेने कानशिलाला लावून चाप ओढला. काडतूस ब्लँकच होते. काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला.

१५/ मार्च १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली यांचा बळी गेला. दाखवण्यासाठी भरलेल्या नकली काडतुसातील गोळी नळीत अडकून राहिली होती. पुढे त्याच बंदुकीत ब्लँक काडतूस भरले गेले आणि त्याच्या दाबाने ती सुटली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हॅलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या, त्या वेळी बंदुकीत चक्क जिवंत काडतूस होते.

१६/ म्हणूनच प्रतिकृतीची सीमा कायद्यानेही आखली जाते, आणि देशागणिक ती वेगळी आहे. अमेरिकी संघीय कायद्यात बंदुकीचा मूळ सांगाडा हाच ‘बंदूक’ मानला जातो. तेव्हा डेकार्डच्या बंदुकीतील नळी नसलेला रायफलचा भागही कायद्याच्या नजरेत शस्त्रच. जपानमध्ये १९७१ च्या दुरुस्तीनंतर धातूच्या नकली हातबंदुकीची नळी बुजवणे आणि तिला पांढरा वा पिवळा रंग देणे आवश्यक झाले.

१७/ भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना बंदूक बनवता येत नाही. कलम ६ त्याहून सूक्ष्म आहे : बंदुकीची नळी आखूड करणे किंवा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे यांसाठीही परवाना लागतो. ‘ब्लेड रनर’च्या बंदुकीचा जन्म अशाच कापाकापीतून झाला, हे ध्यानात घेतले की या कलमाचा अर्थ स्पष्ट होतो.

१८/ या बंधनांनी हौस संपली नाही, तिने दिशा बदलली. जपानमध्ये हीच बंदूक पाण्याची पिचकारी म्हणूनही निघाली : चाप ओढावा आणि पाणी उडावे. कारागिरांचा भर झाडण्यावरून यंत्रणेच्या अचूकतेकडे गेला. बोल्टची सरकण, दिव्यांची जागा, वजन, मुठीचा रंग. २०१७ च्या ‘ब्लेड रनर २०४९’ मध्ये डेकार्डच्या हाती हीच बंदूक पुन्हा दिसली, तेव्हा तिचा प्रत्येक भाग ओळखणारा जाणकार प्रेक्षक आधीच तयार होता.

१९/ तेव्हा यापुढे एखादी प्रतिकृती पाहताना, ती चित्रपटातल्या शस्त्राची असो वा संग्रहालयातल्या तलवारीची, तीन गोष्टी विचाराव्यात. ती मूळ वस्तूवरून घडली, छायाचित्रावरून, की दुसऱ्या नकलेवरून? कोणता भाग पुराव्याने ठरला आणि कोणता कारागिराच्या अंदाजाने? आणि ती केवळ दिसते, की काही करतेही? पहिल्या दोन प्रश्नांवर प्रतिकृतीची विश्वासार्हता अवलंबून असते. तिसऱ्यावर कधीकधी कोणाचा तरी जीव.

(समाप्त)