रंगाखालचा तडा

चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग पूनमल्ली मागे टाकून श्रीपेरुंबुदूरच्या दिशेने निघाला, की वाटेत इरुंगाट्टुकोट्टै लागते. पलीकडे थोड्याच अंतरावर रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आहे. परंतु या गावाचे नाव आज होते ते चाकांमुळे. पूर्वी शोळावरम् येथील जुन्या विमानतळावर होणाऱ्या मोटार-शर्यतींसाठी १९९० साली येथे स्वतंत्र धावपट्टी झाली, आणि १९९८ पासून येथल्या कोरियन कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. अशा ठिकाणी नोकरीनिमित्त येऊन पडलेल्या माणसाने सायकलीचा इतिहास सांगत बसावे, हे वाचकांना काहीसे विक्षिप्त वाटेल. पण निमित्तच तसे घडले.

आमच्या वसाहतीच्या रखवालदाराच्या मुलाला गेल्या वर्षी एका लहान कारखान्यात काम मिळाले. पाळी रात्रीची, आणि ती सुटे तेव्हा बस नसे. महामार्गाच्या कडेने तीन मैल चालत येणाऱ्या त्या मुलाला एखादी जुनी सायकल घेऊन द्यावी असे मनात आले. त्याला मी इथल्या रीतीप्रमाणे ‘तंबी’ म्हणतो. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आपल्या मराठी कानाला मात्र त्यात ताकीद ऐकू येते. ही ताकीद पुढे माझ्याच वाट्याला आली.

सायकल मिळाली ती बरीच स्वस्त आणि नव्याने हिरवी रंगवलेली. सोमवारपासून ती वापरात यावयाची होती. रविवारी संध्याकाळी फडक्याने पुसत असता हँडलखालच्या सांध्याच्या किंचित मागे, तिरक्या नळीच्या पोटाशी, बोटाला एक बारीकशी वळी लागली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. घरातील लोहचुंबक नळीवरून फिरवला, तो सगळीकडे घट्ट चिकटे आणि नेमका त्या ठिकाणी ढिला पडे. रंगाखाली लांबी भरलेली होती. पोलाद जेथे सपाट नव्हते तेथे ते लांबीने सपाट केले होते.

रंग आणि लांबी खरवडून काढली, तेथे रॉकेल चोपडले, अर्धा तास मुरू दिले, कोरडे पुसले आणि वर खडूची पूड लावली. थोड्या वेळात त्या पांढऱ्या पुडीवर एक काळपट रेघ उमटली. लांबीला सुमारे अंगठ्याच्या नखाएवढी. भेगेत शिरलेले रॉकेल खडूने बाहेर ओढून घेतले होते.

ही युक्ती माझी नव्हे. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून रेल्वेच्या कर्मशाळांतून आस आणि दांडे असेच तपासले जात: तेलात भिजवायचे, पुसायचे, चुना किंवा खडू फासायचा आणि वाट पाहायची. तिच्यामागे मोठे दुःख आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस वाटेत तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल हा सहकुटुंब त्याच गाडीत होता. कोणीच वाचले नाही. पोलादी अथवा लोखंडी आस, कालपर्यंत तेच ओझे वाहणारा, आज एकाएकी कसा तुटतो, हा प्रश्न तेव्हापासून अभियंत्यांना छळू लागला.

त्याचे उत्तर देणारा ऑगस्ट व्होलर हा प्रशियाच्या रेल्वेतील एक अधिकारी होता, हे या नियतकालिकाच्या वाचकवर्गाला सांगताना मला थोडा आनंद होतो. कचेरीचे काम सांभाळून त्याने सुमारे १८५८ ते १८७० या काळात आस पुनःपुन्हा वाकवून पाहिले, आणि दाखवून दिले की धातू मोडतो तो केवळ ओझे फार झाले म्हणून नव्हे. एका घावात न मोडणारा धातू लाखो लहान हिसक्यांनी मोडतो. धातूला थकवा येतो, आणि थकलेला धातू बाहेरून ताजातवाना दिसतो. हे ज्ञान असूनही १९५४ साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. पुढे तसल्याच एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा फुगवले, तेव्हा छिद्रांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगांचा छडा लागला.

सायकल ही विमानाच्या मानाने क्षुद्र वस्तू खरी, पण तिची फ्रेम याच कुळातील. १८८५ साली स्टार्लीने सारख्या चाकांची ‘रोव्हर’ बाजारात आणली, आणि त्याच वर्षी जर्मनीत मानेसमान बंधूंनी जोडाविना पोलादी नळी लाटण्याची कृती शोधली. पुढे अशा पातळ नळ्या पोलादी सांध्यांत बसवून पितळेची झाळ देण्याची पद्धत रूढ झाली व ती बर्मिंगहॅममधून जगभर गेली. आपल्याकडे ती यावयास फार दूर जावे लागले नाही. इरुंगाट्टुकोट्टैहून ईशान्येस, अंबत्तूरला, मुरुगप्पा घराण्याने बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या सहकार्याने १९४९ साली सायकलींची कंपनी काढली आणि ‘हर्क्युलिस’ हे इंग्रजी नाव तमिळ तोंडात रुळले. नळ्यांचा कारखाना १९५५ साली शेजारच्या आवडीला निघाला. काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला तो याच आवडीत, त्याच वर्षीच्या जानेवारीत. ठरावाची आठवण पुस्तकांत उरली. नळ्या मात्र अजून रस्त्यांवर धावताहेत.

त्या काळी सायकल ही कारकुनाच्या घरातील मोठी मालमत्ता असे. पुण्यात वाढलेल्यांना नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला आठवत असेल. अशी वस्तू मोडली म्हणून कोणी टाकीत नसे. वाकलेला चिमटा सरळ करून घ्यावा, सुटलेला सांधा पुन्हा झाळावा, वरून रंग द्यावा आणि धाकट्याच्या हाती सोपवावी, हीच रीत. ती काटकसर मला आजही आदरणीय वाटते. परंतु तिच्यात एक खोट होती: दुरुस्ती झाली हे लपवण्याची हौस. सांधा झाळणारा कारागीर आपले काम दिसू देतो. रंग देणारा ते पुसून टाकतो.

माझ्या हातातील फ्रेम खरवडत गेलो, तसे हिरव्याखाली तपकिरी आणि तपकिरीखाली मूळचे काळे सापडले. काळ्या थरावर वळीच्या जागी बारीक सुरकुत्या होत्या. म्हणजे धडक बसली ती सायकल काळी असताना. मग सुतळी घेतली. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेपासून निघून हँडलखालच्या नळीला वळसा घालून ती दुसऱ्या खाचेत आणली, आणि बैठकीखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजले. एका बाजूला ते दीड सूत अधिक भरले. पुढचे चाक कशावर तरी समोरून आदळले असावे, नळी दबली असावी, आणि कोणीतरी ती तापवल्यावाचून पहारीने ओढून सरळ केली असावी. दबलेल्या वळीतच भेग जन्मते. तेथून पुढे प्रत्येक खड्डा तिला केसभर वाढवतो.

विक्रेत्याकडे परत गेलो. ‘ओडुम् सार, चालेल साहेब,’ एवढेच तो म्हणाला. त्याने पैसे निम्मे परत केले. भांडण्यात अर्थ नव्हता. फ्रेमवरील कारखान्याची मुद्राही कोणीतरी उपटून काढली होती, तेव्हा दोष कुणाला द्यावा? कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्याने ती हिरवी घेतली नव्हती, तपकिरी घेतली होती.

मी ती पुन्हा झाळून घेण्याच्या विचारात होतो. नाक्यावरच्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली. चाके, साखळी आणि बैठक काढून घेऊन त्याने ती दुसऱ्या एका जुन्या, न रंगवलेल्या, गंजक्या फ्रेमवर चढवली. तंबीने रॉकेल आणि खडू मागून घेतले व त्या फ्रेमचा प्रत्येक सांधा स्वतः तपासला. रेघ उमटली नाही.

मग म्हाताऱ्याने हिरवी फ्रेम खांबाला टेकवली आणि हँडलखालच्या नळीत पहार घालून एकच हिसका दिला. नळी भेगेपाशी तुटली. तुटलेली कड तंबीने उजेडात धरली. तिचा निम्म्याहून अधिक भाग जुन्या गंजाने काळवंडलेला होता; जो उरला, तेवढाच नुकताच मोडल्यासारखा चकाकत होता.